स्वतःच्या सर्व्हरवर एसएसएल: प्रमाणपत्र घेण्यापासून ते वेळेवर बदलण्यापर्यंत

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पूजेची मांडणी चालली होती आणि ताईचा फोन आला. “अरे, तुझ्या त्या फोटोंच्या साइटवर लाल पाटी येतेय. आपले फोटो कुणी पळवले की काय?” घरच्यांचे फोटो ठेवायला मी भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड नावाचं सॉफ्टवेअर चालवतो. आत शिरून पाहिलं तर नवं प्रमाणपत्र महिनाभरापूर्वीच डिस्कवर येऊन पडलेलं. वेब सर्व्हर मात्र मेमरीतलं जुनंच पुढे करत बसला होता आणि त्याची मुदत त्याच दुपारी संपली होती. चूक एका ओळीची होती. कोणत्या, ते पुढे येईलच.

प्रमाणपत्र मिळवायला आज दहा मिनिटं पुरतात आणि पैसे लागत नाहीत. माणसं अडकतात ती दोन-तीन महिन्यांनी, सगळं विसरून गेल्यावर. म्हणून इथे मिळवण्याचा भाग जरा भराभर घेतो आणि नूतनीकरणापाशी जास्त रेंगाळतो.

मी उबंटू (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम), एनजिनएक्स (वेब सर्व्हर), लेट्स एन्क्रिप्ट (प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि सर्टबॉट (ते आणणारा आणि बदलणारा प्रोग्रॅम) ही चौकडी धरून लिहितोय. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टंकायच्या. उदाहरणाला ‘क्लाउड.एक्झाम्पल.कॉम’ हे नाव घेतलंय, तिथे तुमचं नाव घाला.

हे प्रमाणपत्र नेमकं कशाचं?

एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून ते सांकेतिक करणारी पद्धत. खरं तर ती कधीच मागे पडली. तिची शेवटची आवृत्ती १९९६ची. १९९९मध्ये तिची जागा टीएलएसने घेतली आणि आज ब्राउझर टीएलएस १.२ किंवा २०१८मध्ये आलेलं १.३ बोलतात. पण कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणतो, तसं एसएसएल हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तुमच्या सर्व्हरवर किल्ल्यांची एक जोडी तयार होते. खाजगी किल्ली सर्व्हर सोडून कुठेही जात नाही. सार्वजनिक किल्ली आणि तुमच्या डोमेनचं नाव एका कागदावर लिहून त्यावर एखादी प्रमाणन संस्था सही करते, तो कागद म्हणजे प्रमाणपत्र. ब्राउझर त्या संस्थेला ओळखतो, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवतो. या सहीचा अर्थ एवढाच, की मागणाऱ्याच्या हातात ते डोमेन खरोखर होतं. साइटचा मालक सज्जन आहे अशी हमी त्यात कुठेही नाही. फसव्या साइटींनाही हे प्रमाणपत्र मिळतं. क्रोमने पत्त्याशेजारचं कुलूप २०२३मध्ये काढून टाकलं, त्यामागे हेच कारण होतं: लोक कुलूप पाहून साइटच भरवशाची समजायला लागले होते.

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावर चालणारी प्रमाणन संस्था. डिसेंबर २०१५मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. त्याआधी छोट्या साइटवाल्यांना दरवर्षी पैसे मोजावे लागायचे, त्यामुळे बहुतेकजण त्या भानगडीत पडतच नसत.

पहिली पायरी: डोमेन, आयपी आणि दोन दारं

डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यादीत, ए नोंद करून ती तुमच्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. मग ‘डिग +शॉर्ट क्लाउड.एक्झाम्पल.कॉम’ असं विचारून बरोबर आयपी येतो का ते पाहा. तसंच चार वेळा ए असलेली नोंद, म्हणजे आयपीव्ही६ची, आहे का तेही तपासा. डोमेन विकणाऱ्याने ती आधीच कुठेतरी भलतीकडे लावून ठेवलेली असू शकते. लेट्स एन्क्रिप्ट आयपीव्ही६ दिसलं की आधी तिकडे जातं. तुम्ही इकडे दार उघडून बसलेले आणि पाहुणा दुसऱ्याच इमारतीत बेल वाजवतोय, असं होतं. आयपीव्ही६ वापरत नसाल तर ती नोंद सरळ काढून टाका.

८० (साधं एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस) ही दोन पोर्ट, म्हणजे सर्व्हरची दारं, उघडी हवीत, आणि ती दोन ठिकाणी उघडावी लागतात: एक सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये आणि दुसरं सर्व्हर भाड्याने देणाऱ्याच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये. नवखे दुसरं विसरतात. यूएफडब्ल्यू पहिल्यांदाच सुरू करत असाल तर आधी एसएसएचला, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या सोयीला, वाट द्या, नाहीतर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभे राहाल.

सर्व्हर घरात असेल, म्हणजे कपाटावर ठेवलेला रास्पबेरी पाय वगैरे, तर राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी कोणता दिसतो ते बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवलेलं आहे. अशा जोडणीवर बाहेरून आत कुणी येऊच शकत नाही. त्यांच्याकडे वेगळा स्थिर आयपी मागा, किंवा खाली दिलेली डीएनएसची वाट धरा.

नाव देवनागरीत असेल, उदाहरणार्थ ‘.भारत’मधलं, तरी प्रमाणपत्र मिळतं. मात्र सर्टबॉटला देवनागरी अक्षरं चालत नाहीत, त्याला त्या नावाचं प्युनीकोड रूप द्यावं लागतं. एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा यांनी सुरू होणारी ती अगम्य अक्षरमाळ डोमेन घेतलेल्या ठिकाणी तुमच्या खात्यात दिसेल.

दुसरी पायरी: आधी रंगीत तालीम

सर्टबॉट बसवायचा तो स्नॅप या उबंटूच्या पॅकेज-व्यवस्थेतून:

सुडो स्नॅप इन्स्टॉल --क्लासिक सर्टबॉट

एप्ट या दुसऱ्या पॅकेज-व्यवस्थेतली आवृत्ती पूर्वीची बसवलेली असेल तर ती आधी काढा. दोन सर्टबॉट एकाच घरात सुखाने नांदत नाहीत.

एनजिनएक्समध्ये तुमच्या साइटचा सर्व्हर ब्लॉक (सेटिंगचा भाग) आधीच तयार हवा आणि त्यात ‘सर्व्हर_नेम’पुढे नेमकं तेच नाव हवं. ‘सुडो एनजिनएक्स -टी’ म्हणून बघा, ते खुश असेल तरच पुढे जा. मग तालीम:

सुडो सर्टबॉट सर्टओन्ली --एनजिनएक्स --ड्राय-रन -डी क्लाउड.एक्झाम्पल.कॉम

यात सगळी तपासणी होते, पण चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर. खरं प्रमाणपत्र निघत नाही. हे टाळून लोक थेट खऱ्याला हात घालतात आणि चुकत राहतात. लेट्स एन्क्रिप्टच्या मर्यादा आहेत: एका नावासाठी एका खात्यावरून तासाला पाच अपयशं झाली की थांबावं लागतं, आणि नावांच्या त्याच संचासाठी सात दिवसांत पाचच प्रमाणपत्रं मिळतात. दुसरी मर्यादा जास्त बोचते. डॉकरचा कंटेनर (प्रोग्रॅम चालवायची बंदिस्त पेटी) पुन्हापुन्हा पाडून उभारताना दरवेळी नवं प्रमाणपत्र मागितलं गेलं तर दुपारपर्यंत कोटा संपतो, आणि मग नुसतं बसून राहायचं.

तालीम यशस्वी झाली की खरं नाटक:

सुडो सर्टबॉट --एनजिनएक्स -डी क्लाउड.एक्झाम्पल.कॉम

सर्टबॉट एनजिनएक्सच्या फाइलमध्ये स्वतःच लागणाऱ्या ओळी घालतो आणि ८० पोर्टवर येणाऱ्याला ४४३कडे पाठवायची सोयही करतो. आता गरज नाही असं समजून ८० पोर्ट बंद करू नका, नूतनीकरणाच्या वेळीही तपासणी तिथूनच होते. ईमेल विचारेल. तो द्यायला हरकत नाही, पण मुदत संपत आल्याची आठवण लेट्स एन्क्रिप्ट करून देईल या आशेवर राहू नका. ते ईमेल त्यांनी ४ जून २०२५पासून बंद केले.

तालीमच अपयशी ठरली तर? तपासणी कशी चालते ते माहीत असलं की कारण लवकर सापडतं. लेट्स एन्क्रिप्ट एक सांकेतिक मजकूर देतं, सर्टबॉट तो तुमच्या साइटच्या ठरलेल्या पत्त्यावर ठेवतो आणि मग बाहेरून ८० पोर्टवर येऊन तो वाचला जातो. तेव्हा वाटेत काय आडवं येतंय ते शोधायचं: डीएनएस, फायरवॉल, की एनजिनएक्समधला दुसराच एखादा ब्लॉक. एक कारण मात्र चटकन लक्षात येत नाही. सुरक्षेसाठी म्हणून काहीजण भारताबाहेरचे सगळे आयपी अडवतात. पण २०२०पासून लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करतं. त्यातले बरेच हात तुमच्या दारावर येऊन परत गेले की प्रमाणपत्र नाकारलं जातं. त्यांच्या आयपींची यादीही ते देत नाहीत, त्यामुळे अमुक आयपींना सोडा असं सांगता येत नाही. देशाप्रमाणे अडवायचंच असेल तर ८० पोर्ट त्यातून वगळा.

आणि हो, सर्व्हर अजून कोरा असेल, एनजिनएक्सचं प्रेम नसेल, तर कॅडी नावाचा वेब सर्व्हर बघा. त्याला फक्त डोमेनचं नाव सांगायचं, प्रमाणपत्र आणणं, बदलणं तो आपलं आपण करतो. नवख्याला मी आज तेच सुचवेन. पण बहुतेकांच्या सर्व्हरवर एनजिनएक्स आधीच ठाण मांडून असतो.

तिसरी पायरी: आलेल्या फाइली ओळखा

‘/इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/लाइव्ह’ या फोल्डरात तुमच्या नावाचं एक उपफोल्डर दिसेल. त्यात चार फाइली: प्रिव्हकी, सर्ट, चेन आणि फुलचेन. एनजिनएक्सला त्यातल्या दोनच लागतात, प्रिव्हकी आणि फुलचेन.

हाताने लिहिताना लोक फुलचेनच्या जागी सर्ट देतात, नावावरून तेच बरोबर वाटतं म्हणून. तुमचं प्रमाणपत्र मूळ संस्थेने थेट सही केलेलं नसतं, मधे एक मध्यस्थ प्रमाणपत्र असतं. सर्ट या फाइलीत तो मध्यस्थ नसतो. गंमत अशी, की तुमच्या लॅपटॉपवरच्या ब्राउझरने तो कुठूनतरी आधीच मिळवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला सगळं छान दिसतं. अँड्रॉइडवरच्या एखाद्या अॅपला मात्र साखळी अर्धवट दिसते आणि ते जोडणीच नाकारतं. “माझ्याकडे तर चालतंय” हे वाक्य ज्या ठिकाणी उच्चारलं गेलं, तिथे निम्म्या वेळा हीच फाइल असणार अशी माझी पैज.

म्हणून तपासणी ब्राउझरमध्ये करू नका. दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून ‘कर्ल -व्हीआय’ आणि पुढे एचटीटीपीएससकट साइटचा पत्ता, असं चालवा. कर्ल हरवलेला मध्यस्थ स्वतः शोधत बसत नाही, सरळ तक्रार करतो. शिवाय मुदत कधी संपते ती तारीखही छापतो. क्वालिसची एसएसएल लॅब्ज ही फुकट चाचणीही एकदा करून घ्या, साखळी अपुरी असेल तर तिथेही ते नमूद होतं.

प्रिव्हकी फाइल व्हॉट्सअॅपवर, ईमेलवर, गिटमध्ये कुठेही जाता कामा नये. गेलीच तर ‘सर्टबॉट रिव्होक’ करून नव्या किल्लीवर नवं प्रमाणपत्र घ्या.

चौथी पायरी: नूतनीकरण

आता दिवाळीची गोष्ट. मी त्या वेळी सर्टबॉटचा एनजिनएक्सवाला मार्ग न घेता वेबरूट पद्धतीने (तपासणीची फाइल साइटच्या फोल्डरात ठेवून) फक्त प्रमाणपत्र मागवलं होतं आणि एनजिनएक्सच्या ओळी हाताने लिहिल्या होत्या. सर्टबॉटने मुदतीच्या महिनाभर आधी नवं प्रमाणपत्र आणून ठेवलं, त्याचं काम चोख. पण एनजिनएक्स प्रमाणपत्राची फाइल सुरू होताना एकदाच वाचतो. फाइल बदलली हे त्याला कुणी सांगितलंच नाही. ‘रीलोड’ हा एक शब्द राहिला होता.

तुम्ही वरच्यासारखं ‘--एनजिनएक्स’ वापरलं असेल तर रीलोड आपोआप होतो. वेबरूट, डीएनएस किंवा स्टँडअलोन (सर्टबॉट स्वतःच तात्पुरता वेब सर्व्हर होतो ती) पद्धत वापरली असेल, किंवा तेच प्रमाणपत्र पोस्टफिक्स, डव्हकॉटसारखा मेल सर्व्हरही वापरत असेल, तर हे करावंच लागतं. ‘/इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय’ या फोल्डरात एक छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा. तिच्यात ‘सिस्टिमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’ एवढी एक ओळ पुरे, मेल सर्व्हर असेल तर त्याची दुसरी. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

आता इथे एक मेख आहे. नूतनीकरणाची तालीम अशी होते:

सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन

ही जरूर करा. पण या तालमीत डिप्लॉय फोल्डरातल्या स्क्रिप्ट आपणहून चालवल्या जात नाहीत. म्हणजे तालीम हिरवी झाली तरी रीलोड होईलच याची खात्री पटत नाही. ती स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघा.

स्नॅपमधून बसवलेल्या सर्टबॉटसोबत एक टायमर येतो, तो दिवसातून दोनदा जागा होतो आणि नूतनीकरणाची वेळ झाली आहे का ते पाहतो. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये तो दिसला पाहिजे. काही जुन्या लेखांत महिन्यातून एकदा किंवा दोन महिन्यांतून एकदा क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) लावायला सांगितलेलं असतं. तसं करू नका, कारण मुदती आक्रसत चालल्या आहेत. ब्राउझर बनवणारे आणि प्रमाणन संस्था यांच्या फोरमने एप्रिल २०२५मध्ये ठरवलं, की प्रमाणपत्राची जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० आणि १५ मार्च २०२९पासून ४७ दिवस. लेट्स एन्क्रिप्टची मुदत सुरुवातीपासून ९० दिवसांची. ती फेब्रुवारी २०२७मध्ये ६४ आणि फेब्रुवारी २०२८मध्ये ४५ दिवसांवर आणणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं आहे. साठ दिवसांनी एकदा चालणारा क्रॉन तेव्हा पंधरा दिवस उशिरा पोचेल. दिवसातून दोनदा डोकावणाऱ्या टायमरला मात्र काही फरक पडत नाही.

एवढं करूनही एक पहारेकरी हवाच, आणि तो दुसऱ्या मशीनवर बसलेला हवा. सर्व्हर स्वतःच आडवा झाला तर तो स्वतःबद्दल काय कळवणार? मी घरच्या रास्पबेरी पायवर अपटाइम कुमा चालवतो. तो बाहेरून साइट उघडतो आणि प्रत्यक्ष पुढे केलेल्या प्रमाणपत्राची तारीख वाचून मुदत जवळ आली की टेलिग्रामवर निरोप धाडतो. डिस्कवरची फाइल वाचणाऱ्या पहारेकऱ्याने मला त्या दिवाळीत वाचवलं नसतं, कारण फाइल तर ताजीच होती.

डीएनएसची वाट आणि तिचे धोके

घरातल्या, बाहेरून न दिसणाऱ्या सर्व्हरला किंवा ‘*.एक्झाम्पल.कॉम’ अशा सगळी उपनावं कवेत घेणाऱ्या प्रमाणपत्राला ८० पोर्टची पद्धत चालत नाही. तिथे डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद करून मालकी सिद्ध करायची. ही नोंद ‘--मॅन्युअल’ वापरून हाताने करता येते, पण मग दर नूतनीकरणालाही ती हातानेच करावी लागेल. एकदा करून बघण्यापुरतं ठीक. कायमसाठी तुमच्या डीएनएसवाल्याचं सर्टबॉट प्लगइन आहे का ते शोधा, त्याची एपीआय किल्ली (प्रोग्रॅमला नोंदी बदलू देणारा सांकेतिक शब्द) घ्या, आणि तिला फक्त त्या एका डोमेनच्या नोंदी बदलायचीच परवानगी द्या. सगळ्या खात्याची किल्ली सर्व्हरवर ठेवणं म्हणजे घराची चावी पायपुसण्याखाली ठेवणं.

घरातल्या सर्व्हरची नावं ठेवताना जरा विचार करा. निघालेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांमध्ये टिपलं जातं आणि सीआरटी.एसएच या साइटवर कुणीही ते शोधू शकतो. ही पद्धत उगाच आलेली नाही. २०११मध्ये डिजिनोटार या डच प्रमाणन संस्थेत घुसखोरी होऊन गुगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र निघालं होतं. जुलै २०१४मध्ये आपल्याकडच्या एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतूनही गुगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. उघड वही असली की असले प्रकार दिसतात. त्याची दुसरी बाजू अशी, की ‘आजोबांचा-कॅमेरा’ असं उपनाव ठेवून त्याचं प्रमाणपत्र घेतलंत तर तुमच्या घरात कॅमेरा आहे हे जगजाहीर झालं. घरासाठी तारांकित प्रमाणपत्रच बरं, त्यात उपनावं दिसत नाहीत.

जाता जाता डीएनएसमध्ये सीएए नोंदही करून टाका. या डोमेनची प्रमाणपत्रं फक्त अमुक संस्थेने द्यावीत, असं ती सांगते. २०१७पासून सगळ्या प्रमाणन संस्थांना ती पाहणं बंधनकारक आहे. पुढे संस्था बदललीत तर ही नोंद बदलायचं लक्षात ठेवा, नाहीतर तासभर डोकं खाजवाल.

एचएसटीएसची घाई नको

एचएसटीएस हे शीर्ष (सर्व्हरने उत्तरासोबत ब्राउझरला पाठवायची सूचना) लावलं की ब्राउझर ठरावीक काळ तुमच्या साइटवर एचटीटीपीएसशिवाय येतच नाही, आणि प्रमाणपत्रात खोट असेल तर ‘तरीही पुढे जा’ हे बटणही देत नाही. चांगली गोष्ट आहे, पण जुन्या लेखांत पहिल्याच दिवशी वर्षभराचा आकडा, ३१५३६००० सेकंद, लावायला सांगतात. माझं ऐकाल तर ३०० सेकंदांपासून सुरुवात करा. एक नूतनीकरण आपोआप पार पडलेलं डोळ्यांनी पाहा, मग वाढवा. ब्राउझरांच्या प्रीलोड यादीत (फक्त एचटीटीपीएसनेच उघडायच्या साइटींची त्यांच्यात आधीच भरलेली यादी) नाव घालायचा मोह तर वर्षभर आवरा. त्या यादीतून नाव काढायला महिने लागतात.

सर्व्हर बदलताना

घर बदलल्यासारखंच हे, काहीतरी मागे राहतंच. लाइव्ह फोल्डरातल्या फाइली खऱ्या नसतात, त्या आर्काइव्ह फोल्डरातल्या फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या लिंका असतात. नुसतं लाइव्ह उचलून नेलंत तर नव्या सर्व्हरवर नूतनीकरण मोडेल. ‘/इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट’ हे अख्खं फोल्डर रूट म्हणून ‘आरसिंक -ए’ने न्या, म्हणजे लिंका आणि परवानग्या जशाच्या तशा राहतील. नव्या जागी ‘सुडो सर्टबॉट सर्टिफिकेट्स’ म्हणून यादी नीट दिसते का बघा आणि मगच डीएनएस वळवा. ड्राय-रनही पुन्हा करा, पण ८० पोर्टची पद्धत असेल तर डीएनएस वळल्यावर, कारण तोवर ती तालीम नव्या सर्व्हरवर फसेल; डीएनएस पद्धत असेल तर आधीही पास होईल.

बंद पडलेल्या उपनावांची प्रमाणपत्रं फोल्डरात जाऊन हाताने पुसू नका, ‘सुडो सर्टबॉट डिलीट’ वापरा. पण त्याआधी एनजिनएक्सच्या फाइलींमधून त्या प्रमाणपत्राचा उल्लेख काढा. नाहीतर पुढच्या वेळी सर्व्हर रीस्टार्ट होताना एनजिनएक्स हरवलेल्या फाइलीसाठी अडून बसेल आणि त्याच्यासोबत बाकीच्या साइटीही बसतील.